हार्जितोंचे नऊ आंबे

झाडाला नऊ आंबे धरले त्या दिवसापासून हार्जितोंनी बोट दाखवणं सोडलं. कोवळ्या फळाकडे बोट केलं की फळ देठातून गळतं, हे सोलो शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून हार्जितो आंबे हनुवटीने मोजत. सकाळी दात घासायच्या आधी एकदा, दुपारच्या नमाजानंतर एकदा आणि दिवेलागणीला एकदा. अंगणात उभं राहून ते मान वरखाली करू लागले की रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, निवृत्त माणूस आहे बिचारा, झाडाचं म्हणणं त्याला पटतंय.

अंगण म्हणजे तरी काय, एक सायकल भिंतीला टेकवली की दुसरीने बाहेरूनच परत जावं एवढी जागा. त्यात कमरेएवढी मातीची कुंडी. हार्जितोंनी ती स्वतः हिरव्या रंगाने रंगवली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने आपलं नाव आणि घराचा सात नंबर घातला होता. कुंडीत कलमी अरुमानिस आंबा. पहिली चार वर्षं त्याने नुसती पानं दिली. त्या चार वर्षांत गल्लीने सल्ले मात्र भरभरून दिले. कुणी म्हणालं, तांदळाचं धुवण घाला. कुणी म्हणालं, सुपात टाकतात ती चवीची पांढरी पूड पाण्यात विरघळवून घाला, आंबा गोड होतो. शेजारच्या जुमिराबाईंचं म्हणणं असं, की झाडाला भीती घालावी लागते. कोयता घेऊन बुंध्यावर दोन हलके घाव घालायचे आणि दरडावायचं, की यंदा फळलं नाहीस तर मुळासकट उपटीन. हार्जितोंनी कोयता आणला, घाव घातले, पण दरडावायला काही जमेना. "यंदा जमल्यास पाहावं," एवढंच ते झाडाला म्हणाले. तरी झाड फळलं. झाडालाही दया आली असावी.

आता हे नऊ आंबे खायचे नव्हते. ते वॉर्ड कचेरीच्या 'घरची बाग' स्पर्धेसाठी होते. पहिल्या तिघांची नावं कचेरीसमोरच्या चौकात माइकवरून वाचली जाणार होती, आणि हार्जितोंचा जीव त्या माइकात अडकला होता. बत्तीस वर्षं त्यांनी त्याच कचेरीत बक्षिसांच्या याद्या टाइप केल्या. सुदृढ बालक, स्वच्छ गटार, उत्कृष्ट कोंबडीपालन. अख्ख्या वॉर्डाची नावं त्या माइकवरून वाचून झाली, एका वर्षी तर एका बोकडाचंही वाचलं. हार्जितोंचं नाव यादीच्या तळाशी, टंकलेखन या शब्दापुढे दोन अक्षरांत असायचं आणि वाचणारा तिथे पोचायच्या आधीच टाळ्या वाजायच्या. ते कुणाला बोलले नव्हते, पण मरायच्या आधी एकदा तरी आपलं नाव गल्लीच्या कानावर मोठ्याने पडावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. बायको मुर्तिनीबाईंना न सांगताही ते ठाऊक होतं. म्हणून तर त्या झाडाला पाणी घालायच्या, स्वतःच्या मिरचीच्या रोपाला विसरायच्या.

इथे हार्जितोंच्या स्वभावाचं एक सांगायला हवं. तसं ते एकट्या त्यांचं नाही, सगळ्या सोलोचंच आहे. इथे कुणी तुमच्या वस्तूची तारीफ केली की तुम्ही म्हणायचं, "त्यात काय, न्या की." समोरच्याने म्हणायचं, "छे छे, असं कसं." दोघांनी आपापलं म्हटलं की वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघंही थोर ठरतात. हार्जितोंनी आपली सायकल अशी चाळीसेक वेळा देऊन टाकली होती आणि ती अजून भिंतीलाच टेकलेली होती. ही रीत इतकी मुरलेली, की नाही हा शब्द हार्जितोंच्या तोंडून शेवटचा कधी बाहेर पडला ते मुर्तिनीबाईंनाही आठवत नव्हतं. लग्नाच्या वेळी पडला असता तर बरं झालं असतं, असं त्या कधीकधी म्हणत.

स्पर्धेचा अर्ज आणायला हार्जितो कचेरीत गेले, ते जरा तोऱ्यातच. खिडकीत प्रिहातिन बसलेली. हिला फाइलीला दोरा कसा बांधायचा ते हार्जितोंनीच शिकवलं होतं. तिने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्ज परत केला. झाड स्वतःच्या मालकीचं असल्याचा गल्लीप्रमुखांचा दाखला नव्हता. रेशनकार्डाची प्रत एकच होती, तीन हव्या होत्या. शिवाय झाडाचा मालकासह फोटो, तीन बाय चार सेंटिमीटर. हार्जितो म्हणाले, अगं, एवढ्यात झाड बसलं तर मालक बसत नाही. प्रिहातिन म्हणाली, "सर, हा नमुना तुम्हीच तर तयार केलेला." आणि खरंच, कागदाच्या तळाशी ती दोन अक्षरं होती. चार खेपा झाल्या. शेवटी फोटोवाल्याने तिरकं उभं राहून कसाबसा एक फोटो काढला. त्यात नऊ आंबे स्पष्ट दिसत होते आणि हार्जितोंचा एक कान दिसत होता. प्रिहातिन म्हणाली, आंबे काय सुरेख आलेत. हार्जितो म्हणाले, त्यात काय, दोन पाठवून देतो. ती म्हणाली, छे छे सर, असं कसं. अशी चांगल्या घरची मुलगी. फळं तपासणीच्या दिवशी झाडावर किमान तीन हवीत, तीनच्या खाली झाड शोभेचं धरलं जातं, हेही तिनेच बजावून सांगितलं.

राहिला गल्लीप्रमुखांचा दाखला. गल्लीप्रमुख दार्योनो हा मऊ बोलणारा, जाडसर, सदा खिशाला तीन पेनं लावणारा गृहस्थ. त्याने स्वतः स्पर्धेत मिरच्यांची बाग उतरवलेली होती, पण त्याचा इथे काही संबंध नाही असं तो आपणहून दोनदा म्हणाला. टेप घेऊन आला, वाकला, कुंडी मोजली. मग फार दुःखाने सांगितलं, की कुंडीचं पोट वीतभर गटाराच्या फरशीवर येतंय आणि फरशी सार्वजनिक आहे. म्हणजे झाड पाऊण तुमचं आणि पाव सरकारचं. असा दाखला कसा द्यायचा? पण काळजी नको, रविवारी गल्लीची श्रमदानाची सकाळ आहे, सहा जण मिळून कुंडी आत सरकवू. जाता जाता त्याने आंबे मोजले. बोटाने मोजले, एक दोन तीन करून, नवापर्यंत. हार्जितो त्या बोटाकडेच बघत राहिले. पण माणूस पाहुणा, आणि वर गल्लीप्रमुख. त्याला कसं सांगणार, की बोट खाली घ्या म्हणून.

रविवारी सहाऐवजी अकरा जण आले. कुंडी धरायला चौघांनाच जागा होती, उरलेल्या सातांनी सूचना केल्या. आधी डावीकडे कलवा, नाही आधी उचला, नाही आधी पाणी काढा, अरे कुंडीत कसलं पाणी काढता. कुंडी उचलली गेली, ती दोन वेगवेगळ्या दिशांना. मग असा आवाज झाला की जुमिराबाई पलीकडून धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाचं डोकं फुटलं. कुंडीचे तुकडे तुकडे झाले आणि झाड आडवं पडलं. कुणाला काय बोलणार, सगळे मदतीला आलेले. हार्जितोच सगळ्यांची माफी मागत हिंडले, की माझ्या कुंडीमुळे तुम्हाला त्रास. झाड शेवटी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात उभं केलं. चार आंबे गळाले होते. श्रमदान करून थकलेली माणसं तशीच कशी जाऊ द्यायची, म्हणून मुर्तिनीबाईंनी मीठ-मिरची वाटून आणली आणि त्या अकरा जणांनी ते चारही आंबे तिथेच उकिडवे बसून खाल्ले. दार्योनोने दोन फोडी जास्त घेतल्या आणि दाखल्यावर सही केली.

राहिले पाच. त्यातला एक दोनच दिवसांत आपसूक गळाला. तो नेमका दार्योनोने ज्याच्यावर बोट जास्त वेळ धरलं होतं तोच होता, हे हार्जितो कुराणावर हात ठेवून सांगायला तयार होते. एक वटवाघळाने नेला. मग मुर्तिनीबाईंनी आपल्या लग्नातल्या जुन्या बाटिकचे तुकडे करून तीन पिशव्या शिवल्या आणि उरलेल्या तीन आंब्यांना घातल्या. तीन म्हणजे तीन, नियमात बसणारे. हार्जितोंनी आता दोरीवर वाळत घातलेला सदरा काढायलासुद्धा झाडाजवळून जाणं बंद केलं. फुटक्या कुंडीचे तुकडे मुर्तिनीबाईंनी वेचून भिंतीपाशी रचून ठेवले. टाकून देववत नव्हते म्हणून.

तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, तोगार आला.

तोगार हा जुमिराबाईंचा जावई. बायको रेत्नो बाळंतपणासाठी माहेरी आलेली, म्हणून हाही सासरी राहायला. पण माणूस दुसऱ्या बेटावरच्या मेदानकडचा. तिकडची माणसं जे मनात ते तोंडात घेऊन हिंडतात. आवाज असा, की पहिल्याच दिवशी त्याने जुमिराबाईंना गुड मॉर्निंग म्हटलं तेव्हा हार्जितोंना वाटलं भांडण लागलं. वाईट मात्र अजिबात नाही. जुमिराबाईंचं छप्पर त्याने एका दिवसात शाकारून दिलं होतं.

"काका," तोगार फाटकातूनच म्हणाला, "रेत्नोला डोहाळे लागलेत. बाजारातून आंबा आणला, तर तोंड फिरवलं. तुमच्या झाडाचाच हवा म्हणते. रडतेय हो. एक मिळेल का?"

सातव्या महिन्यातल्या बाईचे डोहाळे अडवले तर मूल जन्मभर लाळ गाळतं. हे मुर्तिनीबाई मानायच्या, हार्जितो मानायचे, आणि न मानणारासुद्धा उगाच परीक्षा पाहायला जात नाही. पण एक दिला की उरले दोन, आणि दोन म्हणजे शोभेचं झाड. "उद्या दुपारी ये बाबा, तपासणी झाली की तिन्ही तुझे," एवढं वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य हार्जितोंच्या घशापर्यंत आलंही होतं. पण मागणाऱ्याला उद्या ये म्हणणं हे त्यांना शोभलं नसतं. त्यापेक्षा सभ्य उपाय त्यांना माहीत होता. मागितल्याहून जास्त देऊ करायचं. समोरचा ओशाळतो, एकही न घेता मागे सरतो आणि दुसऱ्या दिवशी सासूला पाठवतो. सोलोत हा उपाय शंभरात शंभर वेळा लागू पडतो.

"एक?" हार्जितो हसून म्हणाले. "एकाने काय होतंय? तिन्ही न्या की."

तोगारचे डोळे भरून आले. तो म्हणाला, काका, तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही, परवा तिचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवणही आहे, तिथल्या तिखटगोड रुजाकलाही फोडी होतील. आणि तो आत आला. फांदी उंच होती, हात पोचेना. इकडेतिकडे पाहू लागला. आणि हार्जितोंनी, पाहुणा अवघडलाय हे बघवेना म्हणून, घरातून स्टूल आणून दिलं. वर तो चढला तेव्हा स्टूल हलू नये म्हणून धरूनही ठेवलं.

तो गेल्यावर दोघं नवरा-बायको अंगणात उभे होते. पिशव्या तोगारने प्रामाणिकपणे घडी करून पायरीवर ठेवल्या होत्या. मुर्तिनीबाई एवढंच म्हणाल्या, "आंबे दिलेत ते समजलं. स्टूल कशाला दिलंत?"

त्या दिवशी हार्जितो जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रिहातिन दोन परीक्षकांना घेऊन आली. तिने फोटो पाहिला, झाड पाहिलं, परत फोटो पाहिला. हार्जितोंना वाटलं, पोर काहीतरी विचारील आणि मग आपण सगळं सांगू. पण चांगल्या घरची मुलगी. ओशाळलेल्या माणसाला प्रश्न विचारत नाहीत. खाली मान घालून तिने 'शोभेचे झाड, पिंपात' असं लिहिलं आणि हार्जितोंनी तिला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. संध्याकाळी चौकातल्या माइकवरून नावं वाचली. हार्जितो गेले नाहीत, पण कर्ण्याचा आवाज घरात येतच होता. पहिला नंबर, मिरची, श्रीयुत दार्योनो. मुर्तिनीबाईंनी उठून खिडकी लावली. खिडकीची काच फुटकी होती, त्यामुळे दुसरा आणि तिसरा नंबरही ऐकावा लागला.

रविवारी डोहाळजेवण. गल्लीत मांडव उभा राहिला. जायची इच्छा नव्हती, पण शेजारी राहून न जाणं म्हणजे भांडण मांडणं, आणि भांडण मांडायला आधी नाही म्हणता यावं लागतं. हार्जितो इस्त्रीचा बाटिक सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. रेत्नोला फुलांच्या पाण्याने न्हाऊ घातलं, सात साड्या बदलाव्यात तशी सात वस्त्रं बदलून झाली. मग रुजाकची विक्री. गर्भारशीने कच्च्या फळांच्या फोडी चिंच-गूळ-मिरचीच्या खारात कालवून विकायच्या, नवऱ्याने तिच्या डोक्यावर छत्री धरायची, आणि पाहुण्यांनी विकत घ्यायच्या. पैसे मात्र खरे चालत नाहीत. मातीच्या भांड्याच्या खापऱ्या द्यायच्या, तीच नाणी.

माइक अर्थातच दार्योनोच्या हातात होता. त्याने आभार मानायला सुरुवात केली. मांडवाबद्दल यांचे, खुर्च्यांबद्दल त्यांचे. मग म्हणाला, आंब्यांबद्दल जावईबापू तोगार यांचे विशेष आभार, त्यांनी वणवण फिरून बायकोचे डोहाळे पुरवले. टाळ्या पडल्या. तोगारने हात वर करून "काकांनी दिले, काकांनी" असं ओरडून सांगितलं, पण नेमका तेवढ्यात माइकने शिट्टी मारली. दार्योनोने माइकवर दोन टिचक्या मारल्या, कागद उलटला आणि वाचलं, "आणि रुजाकच्या विक्रीसाठी फुटक्या कुंडीच्या खापऱ्या दिल्याबद्दल, घर नंबर सात, श्रीयुत हार्जितो."

नाव स्वच्छ ऐकू आलं. शेवटच्या घरापर्यंत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हार्जितो अर्धवट उठून, वाकून, परत बसले. बत्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. शेजारी मुर्तिनीबाई पदराशी चाळा करत होत्या. परवा जुमिराबाईंनी खापऱ्या मागितल्या तेव्हा त्यांनीच, रीतीप्रमाणे, न्या की म्हटलं होतं.

रांगेत हार्जितोंच्या हातावर एक खापरी पडली. हिरवी, कडेला पांढऱ्या रंगाचा सात. ती त्यांनी रेत्नोच्या मडक्यात टाकली आणि तिने केळीच्या पानावर आंब्याच्या चार फोडी घातल्या. रुजाक फक्कड जमलं तर मुलगी आणि पुळचट झालं तर मुलगा, अशी इथली समजूत. म्हणून पहिला घास घेणाऱ्या वडीलधाऱ्याच्या तोंडाकडे सगळा मांडव बघत असतो. हार्जितोंनी फोड तोंडात टाकली. करकरीत, आंबटगोड, चार वर्षांच्या धुवणाची आणि पांढऱ्या पुडीची. असा आंबा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. सगळे म्हणाले, तिखट झालंय, तिखट झालंय, मुलगीच होणार.

रेत्नो पोर गोड. हळूच म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी बाळालाही एक आंबा द्याल ना?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हार्जितो डोळे पुसत म्हणाले, "आंबा कशाला? झाडच न्या की. तुमचंच आहे."

"छे छे काका, असं कसं," रेत्नो लाजून म्हणाली. ती सोलोचीच, तिला रीत ठाऊक. तीन दिवसांत पहिल्यांदा हार्जितोंना बरं वाटलं. जग अजून अगदीच बुडालेलं नव्हतं. पण तिच्या डोक्यावर छत्री धरून तोगार उभा होता, आणि तोही ऐकत होता.

सोमवारी सकाळी दात घासायच्या आधी हार्जितो अंगणात आले, सवयीने हनुवटी वर केली आणि त्यांना फाटकापाशी हातगाडी दिसली. हातगाडीशेजारी तोगार.

"काका," तो म्हणाला, "रेत्नो काल रात्रीपासून भांडतेय. म्हणते, झाड आणू नका, काका नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाले. मी म्हटलं, काका तसले नाहीत. पण माझं चुकत असेल, मला इकडचं कळत नाही. तुम्हीच सांगा. मनापासून म्हणालात ना? नसेल तर मी असाच परत जातो, मला काही वाटणार नाही."

आयुष्यात असं कुणी दार उघडून धरलं नव्हतं. एक शब्द टाकायचा होता, दोन अक्षरांचा. हार्जितोंनी झाडाकडे पाहिलं. शेंड्याला तांबूस पालवी फुटत होती. त्यांनी तोगारच्या भल्या, मोठ्या, वाट पाहणाऱ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना स्वतःचाच इतका राग आला असेल, की दुसऱ्या कुणावर रागवायला उरलाच नसेल.

"म्हणजे काय," हार्जितो म्हणाले. "अगदी मनापासून."

आणि त्यांनी फाटक पुरतं उघडून दिलं. पिंप खालून धरा, वरून निसटतं, हेही सांगितलं. झाड हातगाडीवर चढलं, दोरीने बांधून झालं. घाम पुसत तोगारने मोकळ्या झालेल्या अंगणावरून नजर फिरवली आणि भिंतीकडे पाहून म्हणाला, "सायकल काय झकास ठेवलीय हो तुम्ही, काका."

हार्जितोंनी तोंड उघडलं. पण त्याआधी मुर्तिनीबाई ओले हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि सायकलीच्या पुढे उभ्या राहिल्या.

"ती मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

हार्जितोंना वाटलं, आता आभाळ कोसळणार. शरमेने त्यांचे कान लाल झाले. या घराच्या उंबऱ्यावर असलं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"बरं काकू," तोगार म्हणाला आणि हसत हसत हातगाडी ढकलत निघून गेला.